मेंढी, मेंढा की मेंढरू: एका कादंबरीच्या अर्थापायी घालवलेले चार रविवार

तिच्या वहीचं ते पान मी अजून विसरले नाही. मधोमध पट्टीने मारलेली उभी रेघ, डावीकडे सहा शब्द, उजवीकडे सहा. मेंढी म्हणजे सत्ता. पाठीवरचा तारा म्हणजे लष्कर. आरसा म्हणजे आत्मभान. घड्याळ म्हणजे काळ. मेंढीमाणूस म्हणजे भित्रेपणा. सुंदर कान म्हणजे अंतर्ज्ञान. आणि खाली लाल पेनाने तिच्या गाइडनी लिहिलेलं, "हा शब्दकोश झाला, वाचन कुठे आहे?" पंधरा पानांचा सेमिनार पेपर तसाच्या तसा परत.

पोर एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय होता कादंबरीतली अतिवास्तव प्रतीकं आणि सत्तेचा पाठलाग, कादंबरी हारुकी मुराकामीची 'अ वाइल्ड शीप चेस'. मूळ जपानी १९८२ ची, इंग्रजीत आल्फ्रेड बर्नबॉमनी १९८९ साली आणली, आणि आम्ही सगळ्यांनी वाचली ती इंग्रजीच. पेपर मात्र मराठीत लिहायचा होता. ती रडवेली होऊन आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या वाचनकट्ट्यावर आली, "टीचर, आता मी काय करू?" म्हणाली, आणि पुढचे चार रविवार आम्ही दुसरं काहीच वाचलं नाही. त्या चार रविवारांत काय झालं ते मी इथे सविस्तर लिहून ठेवतेय, कारण हाच घोळ मी वर्गात पंचवीस वर्षं बघितलाय आणि तो सुटताना क्वचितच बघितलाय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जाहिरात-भाषांतराचा छोटा धंदा करणारा एक निनावी माणूस, तोच निवेदक, एकोणतीस वर्षांचा, त्याचा 'रॅट' नावाने ओळखला जाणारा जुना मित्र गावोगाव भटकतोय, तो मित्र एक फोटो पाठवतो, कुरणात मेंढ्या, आणि हा तो फोटो एका विमा कंपनीच्या पत्रिकेत छापतो. झालं, काळा सूट घातलेला एक सेक्रेटरी दारात हजर. कारण त्या कळपात एक मेंढी आहे जिच्या पाठीवर ताऱ्याची खूण आहे, आणि या सेक्रेटरीचा 'बॉस', पडद्यामागून राजकारण आणि जाहिरातधंदा दोन्ही मुठीत ठेवणारा उजवा पुढारी, मेंदूत रक्ताची गाठ होऊन मरायला टेकलाय. एका महिन्यात ती मेंढी शोध, नाहीतर तुला कामधंदा उरणार नाही. मग साप्पोरोचं डॉल्फिन हॉटेल, तिथल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलेला मेंढी-प्रोफेसर, मग होक्काइदोच्या डोंगरातलं जुनिताकी नावाचं गाव आणि रॅटच्या बापाचं रिकामं घर. ही मेंढी माणसांच्या आत शिरते. शिरते, त्याला वापरते, काम झालं की निघून जाते. इतकी साधी आणि इतकी भयंकर गोष्ट आहे.

पहिला रविवार नुसता भांडणात गेला. आमच्यातले बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ ठाम होते की मेंढी म्हणजे जपानी लष्करशाही, संपला विषय, पोरीचं टेबल बरोबरच आहे, फक्त तळटीपा वाढवायच्या. डिचोलीहून येणाऱ्या ताई म्हणाल्या की हे स्वप्न आहे, स्वप्नाला कसला अर्थ लावता, अनुभवायचं आणि सोडून द्यायचं. मला दोन्ही पटत नव्हतं पण का पटत नाही ते त्या दिवशी सांगता येईना.

खरी सुरुवात झाली एका अगदी मराठी अडचणीतून. बोलताना ही पोर 'मेंढी' म्हणायची, बँकवाले 'मेंढा' म्हणायचे, आणि मी नकळत 'मेंढरू' म्हणत होते. इंग्रजीत 'शीप' म्हटलं की काम भागतं, जपानी 'हित्सुजी'लाही लिंग नाही, पण मराठीत तोंड उघडलं की ती, तो की ते हे ठरवावंच लागतं. आणि प्रत्येकाने नकळत आपापलं वाचन त्यात घालून ठेवलं होतं बघा! मेंढा म्हटलं की धडक मारणारी ताकद आली. मेंढी म्हटलं की आत शिरून राहणारं, मोह घालणारं काहीतरी. आणि मेंढरू म्हटलं की कळप, मुकाट मागून चालणं. म्हणजे टेबलातली पहिली ओळ लिहायच्या आधीच अर्थ ठरून गेला होता आणि तो ठरवला होता व्याकरणाने. मी पोरीला म्हटलं, तुझ्या पेपरचं पहिलं पान हेच. ती बघतच राहिली.

दुसऱ्या रविवारी मी एकच नियम घातला. "म्हणजे काय" असं विचारायचं नाही. मेंढी कुठून आली, कुणात शिरली, कुठे गेली आणि मागे काय ठेवून गेली, एवढंच विचारायचं. फळ्यावर तिचा प्रवास काढायचा, कदंबच्या बसचा रूट काढतात तसा.

आणि प्रवास काढायला घेतला तर काय काय बाहेर आलं. जपानात मेंढी मूळची नाहीच. कादंबरीतला सेक्रेटरीच सांगतो की राशीचक्रात नाव होतं पण लोकांना ती ड्रॅगनइतकीच काल्पनिक होती. एकोणिसाव्या शतकात सरकारनेच ती बाहेरून आणली, वाढवली, कारण सैन्याच्या गणवेशाला लोकर हवी होती. १९३१ मध्ये जपानी सैन्याने मांचुरिया घेतला, पुढच्या वर्षी तिथे बाहुलं सरकार बसवलं, आणि कादंबरीतला प्रोफेसर म्हणजे शेतकी खात्याचा हुशार अधिकारी, त्याला तिकडे मेंढीपालनाच्या योजनेसाठी पाठवलंय. १९३५ साली तो रस्ता चुकतो, एका गुहेत रात्र काढतो, स्वप्नात मेंढी येते आणि विचारते, मी तुझ्या आत येऊ का? तो म्हणतो, ये. जपानात परतल्यावर मेंढी त्याला सोडते आणि १९३६ मध्ये तुरुंगात पडलेल्या एका तरुण कट्टर उजव्यात शिरते. तोच पुढे बॉस होतो, युद्धानंतर युद्धगुन्हेगार म्हणून धरला जातो आणि खटला न होताच सुटतो.

आणि एक बारीकशी जागा जी आमच्यापैकी कुणीच पहिल्या वाचनात धरली नव्हती. जुनिताकी गाव वसवायला आलेल्या गरीब शेतकऱ्यांना वाट दाखवणारा एक ऐनू तरुण आहे, ऐनू म्हणजे तिथले मूळ रहिवासी. तो तिथेच राहतो, मेंढपाळ होतो. त्याचा थोरला मुलगा रशिया-जपान युद्धात मरतो, अंगात मेंढीच्या लोकरीचा कोट घालून. बाप विचारतो की परमुलखात जाऊन लढायचं कशाला. बापाने राखलेली मेंढी पोराच्या प्रेतावर कोट होऊन परत आली! इथे 'तारा म्हणजे लष्कर' वगैरे म्हणायची गरजच उरत नाही, लोकर आणि बंदूक एकाच रस्त्याने गेलेली डोळ्यांना दिसते.

अजून एक. अतिवास्तव म्हटलं की लोकांना वाटतं सगळं धूसर, कवितेसारखं असणार. इथे उलट आहे. जितकी गोष्ट अशक्य तितकी ती सरकारी भाषेत सांगितलेली, तारखा, खात्यांची नावं, बदलीचे हुकूम, गाडीत बसून वाचलेला गावाचा इतिहास. आमचे काका, शेती खात्यातून रिटायर झालेले, मूळचे सत्तरी तालुक्यातले, ते म्हणाले की हा प्रोफेसर मला ओळखीचा वाटतो, दौऱ्यावर पाठवायचं, रिपोर्ट मागायचा, आणि माणूस काही वेगळंच बघून आला की त्याला फाइलींच्या खोलीत बसवून ठेवायचं. काका हे बोलताना हसले नाहीत आणि आम्हीही कुणी हसलो नाही.

मग तिसऱ्या रविवारी काकांनीच ती गोष्ट केली ज्याने सगळी चर्चा फिरली. चंगीझ खानच्या अंगातही पाठीवर तारा असलेली पांढरी मेंढी होती असं जुन्या पुस्तकात लिहिलंय, हे प्रोफेसर सांगतो ती जागा पोर वाचत होती, आणि काका एकदम म्हणाले, "अगो बाये, हो भारच मगो!"

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, जत्रेला, शिगम्याला देवळासमोर ठरलेल्या माणसावर देवाचा भार येतो. घाटावर म्हणतात अंगात येणं, आमच्याकडे म्हणतात भार, म्हणजे वजन. माणूस तोच, पण बोलतो देव. काकांच्या चुलत्यावर भार यायचा आणि लहानपणी त्यांनी तो अगदी शेजारी उभं राहून पाहिलाय. डोळे कसे बदलतात, मान कशी ताठ होते, हाताची बोटं कशी आखडतात हे ते सांगत होते आणि पोरीच्या पेनाची गती वाढत होती. तिला वाटलं किल्ली सापडली. मलाही पाच मिनिटं तसंच वाटलं, खरं सांगते.

पण किल्ली सापडली असं वाटणं हाच तर पहिला घोळ होता. मेंढी म्हणजे सत्ता लिहिलं काय आणि मेंढी म्हणजे भार लिहिलं काय, टेबल तेच. आपल्या गावची उपमा आहे म्हणून ती आपोआप खरी होत नाही. तेव्हा मी काकांनाच विचारलं, काका, भार उतरल्यावर चुलते काय करायचे? ते म्हणाले, काय करणार, तीर्थ घ्यायचे, थोडा वेळ पडून राहायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, शिंपणं करायला.

आणि तिथेच फरक उघडा पडला. भार येतो चार माणसांत, देवळासमोर, ठरलेल्या दिवशी. गाव गाऱ्हाणं घालतं, प्रश्न विचारतं, उत्तर पटलं नाही तर उलटही विचारतं. आणि भार उतरला की माणूस परत आपल्या घरी. मेंढी येते गुहेत, रात्री, एकट्याकडे, साक्षीला कुणी नाही. तिला प्रश्न कुणी विचारू शकत नाही, कारण आत काय बसलंय ते बाहेर कुणाला माहीतच नाही. आणि ती गेली की प्रोफेसरसारखा माणूस पोकळ होऊन चाळीस वर्षं तिलाच शोधत बसतो. दोन्हीकडे अंगात कुणीतरी आलंय, पण एकीकडे ती ताकद गावाच्या हाताखाली आहे आणि दुसरीकडे माणूस तिच्या हाताखाली. पोरीला मी सांगितलं की भाराची उपमा पेपरात ठेव, पण ती जिथे फाटते तिथपर्यंत ने आणि ते फाटलेलं दाखव. जुळतं तेवढंच लिहिलंस तर काकांच्या चुलत्यावरही अन्याय आणि मुराकामीवरही.

डिचोलीच्या ताई इतका वेळ गप्प होत्या, त्यांचं स्वप्नाचं मत कायम होतं. त्या हळूच म्हणाल्या की मेंढी निघून गेलेली माणसं मी पाहिलीत. त्यांच्या दिराचे खाणीवर तीन ट्रक होते, कर्जाने घेतलेले. गावात प्रत्येक दारात ट्रक, रात्रंदिवस लाल धूळ, शेतं पडीक, आणि पोरांच्या चालण्यातच एक रुबाब आलेला. मग २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि पुन्हा सगळं थांबलं. दीर नंतर कित्येक महिने सकाळी उठून ट्रकची काच पुसायचा, ट्रक कुठे जाणार नव्हता तरी. ताई एवढंच बोलल्या. खोलीत कुणी काही बोललं नाही.

मला हे वाचन फार मोलाचं वाटतं, पण इथेही मी पोरीला थांबवलं, कारण ती लगेच खाणमालक म्हणजे बॉस असं लिहायला निघाली होती. ताईंनी मालकाबद्दल काही म्हटलंच नव्हतं. त्यांनी दाखवला होता तो काच पुसणारा हात, म्हणजे सत्ता निघून गेल्यावर शरीरात उरलेली सवय. कादंबरीत तेच आहे, मेंढी नेमकी कशी दिसते यापेक्षा तिने सोडलेल्या माणसांवर लेखक जास्त पानं खर्च करतो.

मग सत्तेचा पाठलाग करतं कोण? हे चौथ्या रविवारी निघालं आणि माझ्या मते पेपरचा कणा इथे आहे. मेंढीने ज्यांना निवडलं त्यांनी ती आत शिरण्याआधी तिचा पाठलाग केलेला नाही, प्रोफेसरने नाही, बॉसनंतर ती ज्याच्यात शिरली त्या रॅटने तर मुळीच नाही. पाठलाग करतो तो काळ्या सुटातला सेक्रेटरी, शिकलेला, थंड डोक्याचा, आणि मेंढीने कधीच न निवडलेला. बॉसच्या साम्राज्याचे तो दोन भाग सांगतो, एक इच्छाशक्तीचा आणि एक कमाईचा. बॉस मेला की कमाईवर सगळे तुटून पडणार, इच्छाशक्ती मात्र त्याच्याबरोबर जाणार कारण ती वाटून घेता येत नाही. त्याला हवी आहे ती. आणि शेवटी कळतं की रॅटचा ठावठिकाणा त्याला आधीपासून माहीत होता, निवेदकाला आपण शोधतोय असं वाटत राहावं, आपल्या पायाने तिथे जावं आणि मित्राला बाहेर काढावं, एवढ्यासाठी हा सगळा महिन्याभराचा खेळ. निवेदक शोधतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात तो हाकला जातोय. मेंढरू म्हणायचंच झालं तर इथे म्हणावं. पोरीने हे वाक्य जवळजवळ असंच पेपरात घेतलं आणि मला त्याचा आनंद आहे.

दोन जागा अगदी जवळून बघितल्या त्याही सांगते. पहिली म्हणजे सुरुवातीचीच, १९७० च्या २५ नोव्हेंबरची दुपार. त्या दिवशी युकिओ मिशिमा हा लेखक तोक्योतल्या सैन्यतळावर घुसला, सैनिकांपुढे भाषण केलं आणि पोट फाडून घेतलं, हा खरा इतिहास. कादंबरीत कॉलेजच्या लाउंजमधल्या टीव्हीवर त्याचं चित्र येतंय पण आवाजाचं बटण बिघडलंय, काय बोलतोय ते नीट ऐकू येत नाही, आणि निवेदक आणि त्याची तेव्हाची मैत्रीण आपलं खाणं संपवून उठतात. आम्ही ही जागा तीनदा वाचली. पहिल्यांदा नुसता तपशील वाटतो. सगळी कादंबरी वाचून परत आलं की दिसतं की सत्तेच्या नावाने ओरडणारा माणूस इथे मुका करून ठेवलाय आणि पुढे जी खरी सत्ता येणार आहे ती ओरडणारच नाही. बंद पडलेलं बटण टेबलात घालता आलं नसतं, म्हणूनच ते तिच्या टेबलात नव्हतं.

दुसरी जागा आरशाची. डोंगरातल्या त्या घरात मेंढीमाणूस येतो, बुटका, डोक्यापासून पायापर्यंत मेंढीचं कातडं पांघरलेला, युद्धावर जायचं नव्हतं म्हणून लपून राहिलेला. निवेदक आरसा घासूनपुसून स्वच्छ करतो, आणि नंतर बघतो तर आरशात तो एकटाच. मेंढीमाणूस समोर आहे, आरशात नाही. पोरीने आधी लिहिलं होतं, आरसा म्हणजे आत्मभान. मी म्हटलं, आत्मभान बाजूला ठेव, आधी सांग की आरशाने इथे काय केलं. ती थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "टीचर, आरशाने बातमी दिली. मित्र मेलाय ही." बरोबर! रॅट निवेदक पोचायच्या आठवडाभर आधीच गळफास लावून मेलाय, मेंढी आत झोपलेली असताना, तिला बाहेर पडायला वेळच न देता. मेंढीमाणसाच्या कातड्यातून बोलत होता तोच. आणि 'मेंढीमाणूस म्हणजे भित्रेपणा' ही तिची ओळ तिने स्वतःच खोडली, मला सांगावं लागलं नाही.

राहिलं ते शेवटचं बोलणं, अंधारात, मेलेल्या मित्राशी. मेंढी त्याला काय देऊ करत होती, तर एक असं राज्य जिथे सगळे विरोध विरघळून जातात आणि मधोमध तो आणि मेंढी. आणि त्याने नाही का म्हटलं, तर आपलं दुबळं असणं त्याला आवडतं म्हणून. उन्हाळ्याचा उजेड, वाऱ्याचा वास, रातकिड्यांसारखी ती किरकिर, मित्राबरोबर प्यालेली बियर, एवढ्यासाठी. यात कुठेही क्रांती नाही, भाषण नाही. मला हे पान वाचताना दर वेळी भरून येतं आणि त्या रविवारीही आलं.

तर पोर हे पान जागच्या जागी मराठीत करत वाचून दाखवत होती, बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्यावर इतका आवाज की तिला दर वाक्याला थांबावं लागत होतं, आणि 'वीकनेस' या शब्दाशी ती अडली. दुर्बलता म्हटलं तर निबंधातला शब्द. कमजोरी म्हटलं तर आजार वाटतो. दुबळेपणा जवळ जातो पण त्यात कीव आहे, आणि रॅटला स्वतःची कीव येत नाहीये, त्याला ते आवडतंय. अर्धा तास गेला त्यात, भजी गार झाली. शेवटी काका म्हणाले, "उणेपण म्हण ना. पुरं नसणं. पुरा असता तर मेंढीला आत यायला बरी पडली असती जागा, पण सोडवत नव्हतं ते उणं असणंच." काकांचा तर्क मला सगळा कळला असं नाही, पण शब्द पक्का बसला.

पेपर पुन्हा गेला, आता टेबलाशिवाय, सतरा पानं झाली होती. महिन्याभराने तिने मला व्हॉट्सॲपवर शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. लाल पेन नव्हतं, पेन्सिलने 'उणेपण' या शब्दाखाली रेघ मारलेली आणि बाजूला प्रश्न, "हा शब्द कुणाचा?" तिने खाली उत्तर लिहिलं होतं, सत्तरीच्या आमच्या काकांचा.